रकाना एच : झुडपं काढल्यावर माळाचं काय होतं, याच्या नोंदी

3 जून 2024, सोमवार

प्रश्न साधा आहे. चराऊ माळरानावर माजलेली झाडंझुडपं तोडली, मुळासकट उपटली, जाळली किंवा औषध टाकून मारली, तर गवत, माती, पाणी आणि तिथले प्राणी-पक्षी यांचं काय होतं? आपण स्वतः प्रयोग करायचा नाही. जगभर आधी झालेले प्रयोग गोळा करायचे, त्यांचे आकडे एका शीटमध्ये आणायचे आणि शेवटी मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे सगळे निकाल वजन देऊन एकत्र तपासायचे. मुदत डिसेंबरअखेर.

शीटचे रकाने आज ठरवले : जागा, वर्षाचा पाऊस, मातीचा पोत, झुडपाची जात, काढायची पद्धत, काढण्याआधी किती टक्के जमीन झुडपाखाली होती, गुरं चरत होती की नाही. आणि रकाना एच, म्हणजे काढल्यानंतर किती वर्षांनी मोजलं. हा मी शेवटी सहज जोडला. मॅडम (आमच्या प्रकल्पप्रमुख) म्हणाल्या, "असू दे."

दुपारी मागच्या कुंपणाशी माळीकाका वेडी बाभूळ तोडत होते. बुंधा मनगटाएवढा. खुंट वीतभर ठेवायला सांगितला आणि त्याला लाल फीत बांधली. वर्षभर झुडपांविषयी वाचायचं आहे, तर एक तरी डोळ्यांसमोर असावं. काका म्हणाले, "ताई, वरून काय कापता, ती खालून येणार." लिहून ठेवते.

7 जून

शोधशब्द ठरवण्यात अख्खा दिवस गेला. याच कामाला अमेरिकेत एक नाव, दक्षिण आफ्रिकेत दुसरं, ऑस्ट्रेलियात तिसरं. एक शब्द सुटला तर अख्खा खंड सुटतो. पहिल्या चाळणीनंतरही ढीग मोठाच आहे, कारण ‘झुडपं वाढल्याने काय झालं’ आणि ‘झुडपं काढल्याने काय झालं’ असे दोन्ही प्रकारचे अभ्यास एकाच जाळ्यात येतात. दोन्ही ठेवले. (24 जूनची नोंद पाहा. तिथे हे अंगाशी आलं.)

12 जून

प्रस्तावनेसाठी वाचन. माळावर झुडपं का वाढतात याचं कारण एक नाही, आणि जो एकच कारण सांगतो त्याचा पेपर मी जरा सावकाश वाचते. गुरांनी गवत खाऊन संपवलं की वणव्याला जळण उरत नाही. वणवा नाही म्हणजे रोपटी जगतात. पाला खाणारे मोठे जंगली प्राणी गेले की त्यांचा लगामही सुटतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे. उष्ण भागातली बहुतेक गवतं सी-4 गटातली आणि झुडपं सी-3 गटातली (प्रकाशसंश्लेषणाच्या या दोन वेगळ्या पद्धती), त्यामुळे वाढीव वायूचा फायदा झुडपांना जास्त होतो.

कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरीवरचा जुना प्रयोग इथे फार बोलका आहे. दरवर्षी जाळलेले पट्टे गवताळच राहिले. चार वर्षांतून एकदा जाळलेल्या पट्ट्यांत झुडपं घुसली. मुद्दा त्याच्या पुढचा आहे. एकदा झुडपांची जाळी दाट झाली की तिच्याखाली गवत राहत नाही, आग आत शिरत नाही, आणि मग दरवर्षी जाळूनही ती सहजी मागे हटत नाहीत. म्हणजे आलेल्या वाटेने परत जाता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातले जाळण्याचे प्लॉट तर 1954 पासून चालू आहेत. इतका धीर असलेले प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

20 जून

खुंटावर फुटवे. अकरा. कापलेल्या तोंडाशी नव्हे, सालीतून, जमिनीच्या अगदी लगत. कोवळे असतानाच काटे आहेत.

24 जून

गोंधळ. आमचं माप असं : काढलेल्या प्लॉटमधलं गवत भागिले न काढलेल्या प्लॉटमधलं गवत, आणि त्याचा लॉगरिदम. शून्याच्या वर म्हणजे गवत वाढलं, खाली म्हणजे घटलं. पण झुडपं वाढण्याच्या अभ्यासात कंट्रोल (ज्याच्याशी तुलना करायची ती जमीन) म्हणजे मोकळं गवत, आणि काढण्याच्या अभ्यासात कंट्रोल म्हणजे झुडुपाळ जमीन. मी दोन्ही एकाच रकान्यात भरत होते. निम्म्या ओळींची चिन्हं उलटी.

पहिला विचार, उणे चिन्ह लावून उलटवून टाकू. मॅडमनी तिथेच अडवलं. "अगं, झाड वाढताना जे झालं ते झाड काढल्यावर उलटं होतं, हेच तर आपण तपासतोय. तेच गृहीत धरून चिन्ह फिरवलंस तर उरलं काय?"

बरोबर आहे. वाळवंटी भागात झुडपाभोवती पालापाचोळा आणि वाऱ्याने आलेली माती साचते, नत्र साठतं आणि मधली जमीन उघडी पडून धुपते. न्यू मेक्सिकोतल्या हॉर्नाडा केंद्रावरच्या कामातून 1990 मध्ये हा विचार ठळकपणे मांडला गेला, सुपीकतेची बेटं. झुडूप मारलं तरी बेट लगेच विरत नाही आणि मधली धुपलेली माती काही परत येत नाही. तर मग ‘उलट’ कसलं? दोन वेगळ्या शीट केल्या. तीन दिवसांचं काम वाया.

2 जुलै

झुडूप काढणं हे एक काम नाही, निदान चार कामं आहेत. मेस्किट या अमेरिकेतल्या काटेरी झुडपाच्या (वेड्या बाभळीच्या नात्यातलं) कळ्या जमिनीखाली बुंध्याच्या मानेशी असतात, त्यामुळे वरून कापलं तर झाड फक्त बुटकं आणि दाट होतं. त्या कळ्यांच्या खालून मूळ कापावं लागतं. उलट अमेरिकेच्या पूर्वेकडचा लाल सीडार (खरं तर जुनिपर, एक सूचिपर्णी झाड) सर्वांत खालच्या फांदीच्या खाली कापला की संपला, फुटत नाही. पण जुनिपरांतच दुसरी एक जात, टेक्सासमधली लालफळी, खुंटातून जोरात फुटते. म्हणजे वंश सारखा असूनही शीटमध्ये ‘जुनिपर’ एवढंच लिहून भागत नाही. औषधांमध्ये टेब्युथायुरॉनचे दाणे मातीत टाकतात. ते पावसाने विरघळतं, मुळांतून वर जातं आणि प्रकाशसंश्लेषण थांबवतं. पाने गळतात, पुन्हा येतात, पुन्हा गळतात, आणि झाड हळूहळू मरतं. मग ‘काढल्याची तारीख’ नक्की कोणती?

एच रकान्यात पहिलं प्रश्नचिन्ह इथे पडलं.

9 जुलै

एक अभ्यास एकटाच सगळा निकाल ओढत होता. आलेख काढला तर त्याचा चौकोन इतरांच्या कितीतरी पट मोठा (चौकोन मोठा म्हणजे निकालात वजन जास्त). मूळ पेपर पुन्हा उघडला. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं आहे : कंसातले आकडे स्टँडर्ड एरर (सरासरी किती अनिश्चित आहे त्याचं माप). आणि आम्ही ते स्टँडर्ड डेव्हिएशन (प्लॉटाप्लॉटांत किती फरक आहे त्याचं माप) म्हणून भरलेले. नऊ प्लॉटांचा अभ्यास असेल तर एरर ही डेव्हिएशनच्या एक तृतीयांश असते. त्यामुळे व्हेरिअन्स (डेव्हिएशनचा वर्ग) नवव्या हिश्शाइतका दिसतो आणि अभ्यासाला नऊपट वजन मिळतं.

ज्याने भरलं तो माझा सहकारी शरमला होता. मग सगळी शीट तपासली तर माझ्याही तीन ओळी निघाल्या. त्याला सांगितलं आणि चहा घेतला.

याच निमित्ताने आणखी एक पीडा : एकाच तोडलेल्या तुकड्यात गवत मोजायच्या दहा चौकटी टाकून ‘दहा पुनरावृत्ती’ म्हणणारे. तो एकच तुकडा आहे, दहादा मोजलेला. अशांना वेगळी खूण केली. टाकून देणार नाही, पण वजनही तेवढं देणार नाही.

16 जुलै

आज जे सापडलं ते मला प्रकल्पातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं (उद्या कदाचित वाटणार नाही).

प्रश्न : न काढलेल्या प्लॉटमध्ये गवत मोजताना चौकट टाकली कुठे? झुडपाच्या बुंध्याशी की दोन झुडपांच्या मधे? मनात हिशोब करून पाहा. समजा 30 टक्के जमीन झुडपाखाली आहे. झुडपाखाली चौरस मीटरला 40 ग्रॅम गवत आहे आणि मधल्या मोकळ्या जागेत 120 ग्रॅम. तर संपूर्ण प्लॉटची खरी सरासरी 96 ग्रॅम. आता शेजारच्या तोडलेल्या प्लॉटमध्ये 130 ग्रॅम निघालं. ज्याने झुडपाखालच्या 40 शी तुलना केली तो म्हणणार गवत तिपटीहून वाढलं. ज्याने 96 शी केली तो म्हणणार साधारण एक तृतीयांशाने वाढलं. जमीन तीच, गवत तेच.

हे आकडे माझेच, समजण्यासाठी घेतलेले. पण हीच फट पेपरांमध्ये आहे, आणि किती ठिकाणी चौकटीची जागा लिहिलेलीच नाही हे बघून चिडचिड झाली. नवा रकाना : चौकट कुठे. जिथे झुडपाखालची टक्केवारी दिली आहे तिथे मी स्वतः भारित सरासरी काढते आहे.

17 जुलै

अजूनही महत्त्वाचं वाटतं आहे.

25 जुलै

कर्ब, म्हणजे कार्बन. इथे दोन गटांत भांडण आहे आणि दोन्ही गट आपापल्या जमिनीबद्दल खरं बोलतात. 2002 साली नेचरमध्ये जॅक्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी शेजारशेजारच्या जोड्या घेतल्या, एक गवताळ आणि एक झुडपांनी व्यापलेली, वर्षाला 200 ते 1,100 मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात. कोरड्या जागी झुडपांमुळे मातीतला कर्ब वाढलेला, ओल्या जागी घटलेला. ओल्या जागी तर इतका घटलेला की झाडांच्या लाकडात साठलेला कर्ब त्यातच वजा होऊन जावा. तेव्हा ‘झाडं म्हणजे कर्बसाठा’ हे सरळ समीकरण माळावर लागू करणाऱ्याने आधी पर्जन्यमापक बघावा.

काढण्याच्या अभ्यासांत वेगळाच सापळा आहे. मातीचा नमुना ठरावीक खोलीपर्यंत घेतात. यंत्राने झुडपं उपटली की माती दाबली तरी जाते किंवा भुसभुशीत तरी होते. समजा कर्ब एक टक्काच राहिला, पण मातीची घनता घन सेंटिमीटरला 1.3 ग्रॅमवरून 1.5 झाली. तर 30 सेंटिमीटरपर्यंतचा साठा हेक्टरी 39 टनांवरून 45 टनांवर ‘जातो’. सहा टन कर्ब ट्रॅक्टरच्या चाकांनी तयार केला! खरं तर तेवढ्याच खोलीत जास्त माती कोंबली गेली. तुलना समान खोलीवर नव्हे, समान वजनाच्या मातीवर व्हायला हवी. ज्यांनी घनता दिली आहे त्यांचा हिशोब पुन्हा करता येतो. बाकीचे कर्बाच्या आलेखातून बाहेर.

1 ऑगस्ट

पाऊस बरा आहे. खुंट आता खुंट राहिला नाही. अकरांपैकी सात फुटवे जगले, उंच फुटवा माझ्या छातीएवढा. जिथे एक बुंधा होता तिथे सात झाले. सावली पूर्वीपेक्षा जास्त जागेवर पडते आहे. टेप जमिनीवर आडवी पसरून मोजली : झुडपाच्या आच्छादनाने टेपचे 1.4 मीटर झाकले. तोडायच्या दिवशी हे मोजलं नव्हतं. म्हणजे मीही त्यांच्यातलीच, आधीचा आकडा नसलेली.

माळीकाका टेप धरून उभे होते. म्हणाले, "यात काय मोजायचं? मी सांगितलं होतं की."

14 ऑगस्ट

पाणी. मला वाटलं होतं हा भाग सोपा जाईल. झाड पाणी पितं, झाड काढा, पाणी उरेल. बॉश आणि ह्यूलेट यांनी 1982 साली 94 पाणलोट प्रयोगांचा आढावा घेतला, आणि झाडं कमी झाली की वाहतं पाणी वाढतं हीच दिशा त्यात दिसते. पण ते बरेचसे जंगलांचे, भरपूर पावसाच्या जागांचे प्रयोग. कोरड्या माळावर झुडपाने न प्यालेलं पाणी नाल्यापर्यंत पोचतच नाही. मोकळी जमीन ते बाष्परूपाने सोडते, उरलेलं नवं गवत पितं. गवत वाढलं हा आनंद आणि पाणी वाढलं हाही आनंद, असे दोन्ही एकाच पावसातून काढायचे म्हणजे एकच रुपया दोनदा मोजण्यासारखं.

त्यावर कडी म्हणजे टेक्सासमधलं एडवर्ड्स पठार. तिथल्या नद्यांच्या जुन्या नोंदी विलकॉक्स आणि हुआंग यांनी 2010 मध्ये तपासल्या. झाडी वाढत गेली त्या काळात नद्यांचा कोरड्या दिवसांतला प्रवाह घटला नाही, उलट वाढला. त्यांचं स्पष्टीकरण असं की त्याआधी बेसुमार चराईने जमीन इतकी ओरबाडली गेली होती की पाऊस मुरायचाच नाही. चराई कमी झाली तशी झाडीही आली आणि जमिनीची मुरवण्याची ताकदही परत आली. खाली चुनखडीचा भेगाळ खडक आहे, त्याचाही वाटा असणार. म्हणजे ‘झाडीमुळे पाणी आटलं’ म्हणताना तुलना कशाशी? चांगल्या गवताशी, की उजाड जमिनीशी?

गुरांच्या रकान्यात ‘माहिती नाही’ लिहिताना हात थबकतो. झुडपं काढून लगेच पूर्वीइतकीच गुरं सोडली तर आपण नेमकं काय मोजतोय, झुडूप की जनावर?

22 ऑगस्ट

पक्षी-प्राणी. छोटी नोंद, कारण मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत. सेज-ग्राउज या अमेरिकन पक्ष्याचा अभ्यास मात्र लक्षात राहील. जिथे सूचिपर्णी झाडांचं आच्छादन 4 टक्क्यांच्या वर गेलं तिथे त्याचे (जोडीदारासाठीच्या) नाचाचे अड्डे चालू राहिले नाहीत. चार टक्के! उभं राहून पाहिलं तर माळ मोकळाच वाटेल इतकी झाडं. माणसाला मोकळं आणि पक्ष्याला मोकळं यांत इतका फरक. आणि झुडपांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हिशोब अर्थातच उलटा.

4 सप्टेंबर

ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडून विचारणा : एक आकडा द्याल का? झुडपं काढली तर गवत सरासरी किती टक्के वाढतं? सादरीकरणात मोठ्या अक्षरात लावायचा आहे.

काढता येईल. दोन मिनिटांचं काम. मॅडम आणि मी तासभर बोललो. मला वाटतं द्यायचा नाही. त्यांना वाटतं दिला नाही तर दुसरं कुणी वाईट आकडा देईल.

11 सप्टेंबर

आज रकाना एच चढत्या क्रमाने लावला. वरून खाली सरकवत गेले. एक, एक, एक, दोन, दोन... बोट दुखेपर्यंत एक-दोन-तीन. मग पातळ होत जातं. दहाच्या पुढे तुरळक. मधे रिकाम्या चौकटी, जिथे मजकूर पुन्हा वाचूनही तोडल्याचं वर्ष कळत नाही.

कारण उघड आहे. पीएचडी तीन-चार वर्षांची, अनुदान तेवढंच, अहवालाची तारीख ठरलेली. पण गवताची चाल वेगळी. पहिल्या पावसात मोकळ्या जागेवर आधी वर्षायू तण उसळतात. बारमाही गवतं, म्हणजे गुरांना जी खरी हवीत, ती नंतर सावकाश येतात. त्यांचं बी मातीत उरलं असेल तर. अमेरिकेच्या सेजब्रश (एक झुडूप) भागात तर जुनिपर काढल्यावर चीटग्रास हे परकं वर्षायू गवत भरून येण्याचा धोका असतो, आणि ते लवकर वाळून वणवे वाढवतं. शीटमध्ये मात्र त्याची नोंद ‘गवत वाढलं’ अशीच पडते. त्यानंतर झुडपं परततात, खुंटातून किंवा बियांतून.

म्हणजे आपल्याकडे सिनेमाची पहिली वीस मिनिटं शेकडो वेळा आहेत आणि शेवट जेमतेम कुणी पाहिला आहे. सरासरी काढली तर ती त्या वीस मिनिटांची.

संध्याकाळी ऍरिझोनातल्या सांता रीटा केंद्राचे फोटो बघत बसले. तिथे 1902 पासून त्याच त्या जागांवरून फोटो काढतात. मागची डोंगररांग तीच, कॅमेऱ्याची जागा तीच. जुन्या चित्रात गवताळ उतार, पुढच्यात मेस्किटचे ठिपके, त्याच्या पुढच्यात डोंगराचा पायथाच दिसत नाही. एका फोटोजोडीत समोरचा दगड ओळखू आला तेव्हा विचित्र आनंद झाला. कुणीतरी दर काही वर्षांनी जाऊन त्याच दगडापाशी उभं राहतं.

30 सप्टेंबर

ठरलं. एक सरासरी नाही, वक्ररेषा. आडव्या अक्षावर एच, उभ्या अक्षावर परिणाम, आणि खुंटातून फुटणाऱ्या जाती वेगळ्या, न फुटणाऱ्या वेगळ्या. जिथे नोंदी विरळ होतात तिथून पुढे रेषा तुटक काढायची आणि अनिश्चिततेचा पट्टा रुंद दाखवायचा. तो पट्टा इतका रुंद होतो की बघणाऱ्याला वाटेल आमचं काहीतरी चुकलं. मॅडम म्हणाल्या, "वाटू दे."

पैसे देणाऱ्यांना आकृती पाठवली. उत्तर : ‘छान आहे, पण एक आकडा?’

18 ऑक्टोबर

नामिबियावरची अहवालसामग्री वाचून संपवली. तिथे झुडपांनी व्यापलेली चराऊ जमीन आधी 2.6 कोटी हेक्टर मानत, नंतरचे अंदाज 4.5 कोटींपर्यंत जातात. त्या झुडपांचा कोळसा होतो, निर्यात होतो, त्यावर माणसं जगतात. आपल्याकडे कच्छच्या बन्नी माळरानातही वेडी बाभूळ 1960 च्या दशकात सरकारनेच लावली, रणाचा खारेपणा थोपवायला, आणि पुढे तिच्याच कोळशावर चुली पेटल्या. गुरं राखणाऱ्याला ती नको, कोळसा पाडणाऱ्याला हवी, आणि पुष्कळदा दोघं एकाच घरातले. आमच्या शीटमध्ये याला रकाना नाही. एल्ड्रिज आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 244 अभ्यासांतले 43 गुणधर्म तपासून झुडपं वाढणं म्हणजे जमीन बिघडणं असं सरसकट म्हणता येत नाही हे दाखवलं होतं. तो पेपर जूनमध्ये वाचला होता. आज पुन्हा वाचला तेव्हा जास्त कळला.

6 नोव्हेंबर

मसुदा गेला. एक आकडा दिलेला नाही. त्याऐवजी एक वाक्य दिलं आहे, ज्यात ‘पहिल्या तीन वर्षांत’ हे शब्द आहेत, आणि ते खोडू नयेत अशी स्पष्ट विनंती.

13 नोव्हेंबर

खुंट, म्हणजे झुडूप : सहा फुटवे, सर्वांत उंच 1.9 मीटर. टेपवर आच्छादन 2.3 मीटर. खाली गवत नाही, कडेला आहे. लाल फीत आत दबली होती, सैल करून पुन्हा बांधली. काटा लागला.

पुढचं मोजमाप जूनमध्ये. प्रकल्प डिसेंबरात संपतो आणि मी इथे नसेन. टेप कशी पसरायची ते माळीकाकांना माहीत आहे. वही त्यांच्याकडे दिली आणि पहिल्या पानावर तारखा लिहून दिल्या : दर 3 जूनला. त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

पानावर जागा होती तेवढ्या लिहिल्या. बावीस.